चोंगसु न्हाणीघर, माझ्या पश्चात

मी, प्यो पिल-नाम, कै. गुक सांग-दोक यांची पत्नी, वय नव्या कायद्याने एकोणऐंशी आणि जुन्या मोजणीने ऐंशी, धंदा सार्वजनिक न्हाणीघर, राहणार चोंगसु न्हाणीघराचा सर्वांत वरचा मजला, बाजाररस्ता, सोलमे, उत्तर ग्योंगसांग प्रांत, लिहून ठेवते की आज माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. हे लिखाण मी माझ्या हाताने, दिवसाउजेडी, पोटभर जेवून, कोणाच्याही दडपणाशिवाय करीत आहे. दडपण आणण्याचा प्रयत्न एका इसमाने केला. त्याचे नाव योग्य जागी येईल.

करोनाच्या साली मुलीच्या मोबाईलसमोर बसून मी जे बोलले होते ते रद्द समजावे. तेव्हा मला ताप होता आणि तापाच्या भरात मी ज्याला त्याला सगळे देऊन टाकले होते. शहरातले वकील म्हणाले, "आजी, हातानं लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत. तारीख, पत्ता, नाव आणि शिक्का असला की झालं." मी म्हटले, "कायद्याला लागत नसतील. सोलमेला लागतात." म्हणून शेवटी दोन साक्षीदार घेतले आहेत.

कलम पहिले. मुद्द्याची गोष्ट

माझी मिळकत फार नाही आणि ती वाटायला एक पान पुरले असते. हे लिखाण लांबणार आहे ते एकाच कारणाने. चोंगसु न्हाणीघर माझ्यामागे चालू राहावे असे मला वाटते. माझा मुलगा गुक ह्योंग-सोक याला वाटते की ते पाडून जागा विकावी. दोघांपैकी एकाचेच होणार आहे. वाचणाऱ्याने हे ध्यानात ठेवून पुढे जावे.

कलम दुसरे. मी कोण

आईवडिलांना मुलगा हवा होता आणि झाले मी. पुढचा तरी मुलगाच व्हावा म्हणून माझे नाव पिल-नाम ठेवले, म्हणजे 'नक्की मुलगा'. नाव लागू पडले, दोन वर्षांनी भाऊ झाला. त्याच्या शाळेसाठी मी सोळाव्या वर्षी देगूच्या कापड गिरणीत गेले. गिरणीच्या वसतिगृहात आठवड्यातून एकदा आंघोळ असे आणि एका टाकीत इतक्या मुली उतरत की पाणी बाहेर आणि मुली आत राहत. कानातला कापूस निघायला पुढचा आठवडा उजाडायचा. तरीही त्या दिवसाची आम्ही वाट बघायचो. अंग गरम झाले की माणसाला आपण माणूस आहोत असे वाटते, हे मी तिथे शिकले.

भावाला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. त्याचा वाटा त्याने माझ्या पगारातून त्याच वर्षांत घेतला. तो शिकून साहेब झाला, त्याच्या लग्नाच्या फोटोत मला मागच्या रांगेत उभे केले, आणि फोटो काढणाऱ्याने मला झाडाच्या मागे ढकलले. झाड छान आले आहे.

कलम तिसरे. न्हाणीघर कसे झाले

माझे यजमान सांग-दोक तीन वर्षे अरबांच्या वाळवंटात रस्ते बांधायला गेले होते. आमच्याकडची अर्धी तरणी मंडळी तेव्हा तिकडेच होती. तिथे डबाभर पाण्यात आंघोळ उरकावी लागे. परत आले तेव्हा सगळ्यांना वाटले, हा आता ट्रॅक्टर घेईल. ह्यांनी बाजाररस्त्यावर जागा घेतली आणि म्हणाले, "पिल-नाम, मला गरम पाण्यात गळ्यापर्यंत बसायचंय. आणि एकट्यानं नाही, सगळ्या गावासकट."

तेव्हा सोलमेत एकाही घरात न्हाणीघर नव्हते. हिवाळ्यात लोक स्वयंपाकघरात परातीत उभे राहून अंग पुसत. आम्ही खाली बायकांची बाजू काढली, वर पुरुषांची, त्याच्यावर आमचे घर. कोळशाच्या वड्यांवर बॉयलर, आणि विटांची ती चिमणी. चिमणीवर नाव मी रंगवले, कमरेला दोर बांधून. ह्यांना उंचीची भीती वाटायची, हे गावात कुणाला माहीत नव्हते. आता माहीत झाले.

नव्या वर्षाच्या सणाच्या आदल्या दिवशी रांग पोलीसचौकीपर्यंत जाई. बायका एकमेकींच्या पाठी घासत, ओळख असो वा नसो. "पाठ घासू या का?" एवढे विचारले की पुरे. गालिच्यासारखा खरखरीत हिरवा हातमोजा असतो, त्याला आम्ही इटलीचा टॉवेल म्हणतो. इटलीला याचा पत्ता नसावा. त्याने मळाच्या वळ्या निघत आणि गावातल्या बातम्याही निघत. कोणाची सून पळाली, कोणाच्या शेतातून महामार्ग जाणार, सगळे आधी माझ्या गल्ल्यावर कळे, मग सरकारला.

कलम चौथे. चतुःसीमा

न्हाणीघराच्या जागेच्या चतुःसीमा अशा. पूर्वेस पूर्वीची तांदळाची गिरणी, मग बालवाडी, आता वृद्धाश्रम; भिंतीवरचे ससे तेच आहेत. पश्चिमेस पूर्वीचे 'सोनेरी मंगल कार्यालय', जिथे माझ्या दोन्ही मुलांच्या वर्गमित्रांची लग्ने झाली, आता ते अंत्यसंस्कार भवन आहे. झुंबरे काढलेली नाहीत. दक्षिणेस प्राथमिक शाळा, हल्ली तिच्या मैदानात मिरच्या वाळत घालतात. उत्तरेस हाम बोक-निम हिचे खरबुजांचे गोदाम.

मी हे रडण्यासाठी लिहीत नाही. सीमा बदलतात. एके काळी ही गिरणी आणि हे मंगल कार्यालयही नवेच होते, आणि तेव्हा म्हातारी माणसे म्हणत, गाव बिघडले. मधल्या मध्ये आम्ही आहोत तिथेच आहोत, एवढेच मला नमूद करायचे आहे. पश्चिमेच्या भवनाला गाड्या लावायला जागा हवी आहे आणि त्यांचा डोळा आमच्यावर आहे. ह्योंग-सोकला त्यांनी दिलेला भाव चांगला आहे. मी ऐकला. ऐकून खाली बसले, हे कबूल करते.

कलम पाचवे. टॉवेल

पुरुषांच्या बाजूला टॉवेल हवे तितके ठेवावेत. बायकांच्या बाजूला हातात दोनच द्यावेत. हा भेदभाव आहे असे माझी मुलगी म्हणते. भेदभाव नाही, अनुभव आहे. बायका टॉवेल नेतात. ह्यांनी शेवटी वैतागून सगळ्या टॉवेलांवर मोठ्या अक्षरांत 'चोरलेला टॉवेल' असे छापून घेतले. त्याने चोरी वाढली. लोक लग्न होऊन देगूला जाणाऱ्या मुलींना तो आठवण म्हणून देऊ लागले.

ज्यांच्या घरी आमचे टॉवेल आहेत त्या सर्वांना मी या कलमान्वये माफ करते. अपवाद हाम बोक-निम. ती आत्ता शेजारी बसून हे वाचत आहे आणि म्हणते आहे, "मी नाही नेले. माझ्या पिशवीत आपोआप आले." ती न्हाणीघरात घरची धुणीही आणायची. भिंतीवर 'कपडे धुण्यास सक्त मनाई' अशी पाटी आहे, ती पाटी पूर्णपणे तिच्या एकटीसाठी होती. ती माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठी, तेवढ्यावर पन्नास वर्षे माझ्याकडून 'ताई' म्हणवून घेते. माझ्यामागे तिला आमच्या न्हाणीघरात जन्मभर फुकट आंघोळ द्यावी. धुणे आणल्यास ही सवलत आपोआप रद्द होईल.

कलम सहावे. टाय लावलेली माणसे

देशावर आर्थिक संकट आले त्या हिवाळ्यात शहरातल्या कचेऱ्यांनी माणसे काढली. तेव्हा सकाळी सकाळी कोट, टाय, हातात बॅग अशी माणसे आमच्याकडे येऊ लागली. शेजारच्या शहरातून बसने येत. घरी सांगितलेले नसे. दिवसभर गरम फरशीवर झोपून काढत, संध्याकाळी केस विंचरून, टाय बांधून परत जात, जणू काम आटोपले. सांग-दोक त्यांच्याकडून एकदाच पैसे घेत आणि दुपारी त्यांच्यापुढे उकडलेली रताळी ठेवत. एकदा मी विचारले, "अहो, ही माणसं कोण?" ते म्हणाले, "गिऱ्हाइकं आहेत. आणि तू त्यांच्याकडे बघत नाहीयेस."

न्हाणीघर ज्याच्या हाती जाईल त्याने हा नियम पाळावा. सकाळी टाय लावून आलेल्या माणसाला काही विचारू नये. रताळी द्यावीत. हल्ली टाय कमी झाले आहेत, तेव्हा टाय नसलेल्यालाही हेच लागू.

कलम सातवे. माझे शरीर

मला टेकडीवर मातीचा उंचवटा करून पुरू नये. जाळावे आणि राख पाइनच्या झाडाखाली घालावी. दर शरदात शहरातून येऊन सासऱ्यांच्या आणि ह्यांच्या थडग्यांवरचे गवत कापताना ह्योंग-सोकच्या कमरेचे काय होते ते मी बघते. त्याला दोनदा गांधीलमाश्या चावल्या आहेत. एवढे प्रेम पुरे झाले.

स्मृतिदिनाला वीस पदार्थांचे ताट मांडू नये. तीस वर्षे तशी ताटे मी मांडली आणि सुट्टीच्या दिवशी सगळे पुरुष वर बसून जेवत असताना स्वयंपाकघरात उभ्याने खाल्ले. सुनेने किंवा मुलीने ते करू नये, ही आज्ञा समजावी. आठवण झालीच तर जवळच्या न्हाणीघरात जावे, अंग घासून घ्यावे, आणि बाहेर येऊन गार केळ्याचे दूध प्यावे.

कलम आठवे. वाटणी

महामार्गालगतचे भातशेत मुलगा गुक ह्योंग-सोक याला. मुलगी गुक मी-रान हिला बँकेतली माझी सर्व शिल्लक, सोन्याची अंगठी आणि मांजर न पाळण्याबद्दलचा माझा सल्ला, जो ती घेणार नाही. ती बुसानमध्ये एकटी राहते, आनंदात असते, आणि लोकांनी "मी-रानचं लग्न?" असे विचारले की मी सांगते, "तुमच्या मुलीचं झालंय ना? मग ती का रडते?"

बे ओक-दान ही तीस वर्षे आमच्याकडे बायकांची अंगे घासत होती. काळा अंतर्वेष घालून, एकामागून एक. तिची मनगटे गेली ती आमच्या गावाच्या पाठींवर गेली. सर्वांत वरच्या मजल्यावरची मागची खोली ती जिवंत असेपर्यंत तिची. भाडे घेऊ नये, आणि तिने दिले तर अपमान समजावा.

कलम नववे. थुई

न्हाणीघर, त्याची जमीन, बॉयलर, चिमणी, लाकडी कपाटे आणि गल्ला मी दोआन थी थुई हिला देते. ती बोक-निमची सून. कोण, का, हे लिहिणे भाग आहे, कारण ह्योंग-सोक विचारणार आहे. त्याने विचारलेच.

आमच्याकडच्या शेतकऱ्यांना बायको मिळेना. मुली गिरणीत गेल्या त्या आल्याच नाहीत, त्यांच्या मुली तर मुळीच नाहीत. तेव्हा बोक-निमच्या मुलाने व्हिएतनामहून बायको आणली. एकवीस वर्षांची पोर. शरदातल्या सणाच्या आधी बोक-निम तिला घेऊन न्हाणीघरात आली. थुई कपडे बदलायच्या जागेत आतले कपडे घट्ट धरून उभी राहिली. तिच्या गावी परक्या बायकांपुढे असे कुणी उघडे होत नाही, हे आम्हाला कुठे माहीत?

"अगं काढ की!" बोक-निम ओरडली. "इथं कोण बघायला बसलंय?"

सगळ्याच बसल्या होत्या. बघत होत्या. कोणी म्हणाली, "किती बारीक आहे गं!" कोणी म्हणाली, "भात खायला घालत नाहीस का?" पोरगी भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. ओक-दानने ओला हातमोजा फरशीवर आपटला आणि म्हणाली, "बघून झालं असेल तर पाठी वळवा. नाहीतर आज एकीचीही घासणार नाही." तिचा आवाज बॉयलरच्या वर जायचा. सगळ्या वळल्या.

मी थुईला गल्ल्यामागे घेऊन गेले आणि खुणेने सांगितले, सोमवारी ये, सोमवारी बंद असते. पुढे ती चार महिने दर सोमवारी एकटी येत राहिली. मी पाणी गरम ठेवायचे. बोक-निम म्हणे, "एकटीसाठी बॉयलर पेटवतेस? माझ्याकडून तर अर्ध्या तासाचेही पैसे सोडत नाहीस!" मी म्हणे, "ताई, तुम्ही धुणं आणता."

मग नव्या वर्षाच्या सणाच्या आदल्या दिवशी, भर गर्दीत, थुई आली. कपाट उघडले, सगळे काढून आत ठेवले, सरळ चालत येऊन बोक-निमच्या मागे बसली आणि तिच्या तोडक्यामोडक्या बोलीत म्हणाली, "आई. पाठ." आणि हातमोजा घालून अशी घासली की बोक-निम किंचाळली, "अगं मेले, सालपट काढतेस की काय!"

"सालपट नाही, आई," थुई म्हणाली. "मळ. पुष्कळ मळ."

सगळे न्हाणीघर हसले. बोक-निमही हसली, पण ते तिला आता आठवत नाही. त्या दिवसापासून थुई आमची झाली.

ओक-दानची मनगटे गेल्यावर तिनेच काम धरले. करोनात आम्हाला टाळे लागले तेव्हा मी जिन्यात बसून राहिले, ती बसली नाही. तिने वृद्धांची सेवा करण्याचा परवाना घेतला. ज्या म्हाताऱ्यांना घरच्या टबात उतरता येत नाही त्यांना ती गाडीतून आणते, गरम पाण्यात बसवते, पाठ घासते आणि परत पोचवते. सरकार त्याचे पैसे देते. मला वाटायचे सरकार फक्त रस्ते बांधते.

तिच्या डोक्यात आणखी बेत आहेत. पायऱ्या काढून उतार करायचा. तासावर देता येतील अशा दोन छोट्या खोल्या काढायच्या, कारण आजकालची पोरे एकमेकांपुढे लाजतात, आणि नेपाळहून खरबुजांच्या शेतावर आलेली मुलेही लाजतात. पुरुषांच्या बाजूला नेपाळी आणि व्हिएतनामी भाषेत पाटी लावायची. त्या खोल्यांसाठी थंड पाण्याची टाकी तोडून टाकावी लागेल. मी स्पष्ट लिहिते, थंड पाण्याची टाकी काढू नये. काढलीच तर माझ्या राखेपाशी येऊन सांगू नये.

कलम दहावे. हरकत

वकिलांनी मला समजावले ते इथे स्पष्ट लिहिते, म्हणजे कोणी मला अडाणी म्हणू नये. मुलगा किंवा मुलगी यांना मृत्युपत्रात काहीही लिहिले तरी त्यांच्या कायदेशीर वाट्याच्या निम्म्यावर दावा करता येतो. न्हाणीघराच्या जागेचा आजचा भाव धरला तर ह्योंग-सोकचा दावा उभा राहू शकतो. तसे झाले तर थुईला जागा विकून त्याला पैसे द्यावे लागतील आणि पश्चिमेच्या भवनाला गाड्या लावायला जागा मिळेल. माझ्या हयातीत त्याने हक्क सोडल्याचा कागद लिहून दिला तरी तो कोर्टात टिकत नाही. म्हणजे या मृत्युपत्राचे खरे कुलूप माझ्याकडे नाही. ते मुलाकडे आहे.

म्हणून परवा चुसोकला, म्हणजे शरदातल्या सुगीच्या सणाला, दोन्ही मुले आली तेव्हा जेवण झाल्यावर मी त्यांना हे सगळे वाचून दाखवले. झाले ते असे.

"आई, बाहेरच्या माणसाला?" ह्योंग-सोक म्हणाला. तो एका लिफ्टच्या कंपनीत आहे, दिवसभर वरखाली करणारी यंत्रे दुरुस्त करतो, तरी त्याचा आवाज वरच राहतो.

"बाहेरची कशी? तू जितकी वर्षं इथे राहिलास त्याहून जास्त वर्षं ती राहिलीय."

"लोक हसतील. सख्खा मुलगा जिवंत असताना न्हाणीघर त्या व्हिएतनामच्या बाईला!"

"लोक? सोलमेत लोक उरलेत कुठे हसायला?"

"तेच म्हणतोय मी!" तो उसळला. "लोकच नाहीत तर न्हाणीघर कशाला चालवायचं? घराघरात शॉवर आहेत. आई, दुनिया बदलली, तुझ्या लक्षात येत नाही."

मला राग आला. मला, जिने परातीतल्या आंघोळीपासून इथवर सगळे पाहिले, हा दुनिया बदलली म्हणून सांगतो. मी म्हटले, "बदलली म्हणूनच तिला देतेय. न बदलती तर तुला दिलं असतं. रीतच होती."

मी-रान भांडी पुसत होती. ती म्हणाली, "दादा, तू इथं शेवटची आंघोळ कधी केलीस?"

त्याने सफरचंद उचलले आणि सोलत बसला. सालीचे तुकडे तुकडे पडत होते, एरवी तो एका झटक्यात सोलतो. मला त्याची दया आली. तो वाईट नाही. मुलीच्या शिकवणीचे आणि घराच्या कर्जाचे ओझे त्याच्या मानेवर आहे आणि ते मी दिलेल्या शेताने पूर्ण उतरणार नाही. हे मला माहीत आहे आणि तरीही मी हे लिहीत आहे. आईने असे लिहावे का, असा प्रश्न मीच स्वतःला विचारला, आणि उत्तर असे आले की आईने लिहावे आणि मुलाने ठरवावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बॉयलरच्या खोलीतून, मागच्या दाराने, पुरुषांच्या बाजूला गेला. लहानपणापासून तो त्याच दाराने जातो. घरच्या पोराला तिकीट कसले? आत काय झाले ते मला दो चांग-बे यांनी सांगितले. ते तिथले न्हावी, आणि न्हाव्याने न सांगितले तर कोण सांगणार. आत ह्योंग-सोकचे जुने मास्तर बसले होते. नव्वदीला टेकलेले, दिसत कमी. थुई त्यांना दर आठवड्याला गाडीतून आणते आणि वर पोचवायला चांग-बेंच्या हाती देते. मास्तरांनी जवळच्या माणसाकडे पाठ फिरवली आणि म्हणाले, "बाळा, एवढी घास."

ह्योंग-सोकने घासली. मास्तरांनी त्याला ओळखले नाही, पण त्यांची पाठ झाल्यावर म्हणाले, "आता तू वळ." आणि त्याची घासली. चांग-बे म्हणतात, तो बराच वेळ वळलेलाच राहिला, मास्तर निघून गेले तरी.

  दुपारी तो अंत्यसंस्कार भवनाकडे जाऊन आला. काय बोलला ते मला माहीत नाही. थुईने विचारले, "मावशी, मी नको म्हणू का? घरात भांडण नको." मी म्हटले, "तू थंड पाण्याच्या टाकीचं बघ. भांडणाचं मी बघते."

मग मी हे लिखाण पुरे करायला बसले आणि इथे थांबले, कारण पुढे काय लिहावे ते समजत नव्हते. 'मुलाने हरकत घेऊ नये' असे लिहिणे म्हणजे कायद्याने व्यर्थ आणि आईने केलेली जबरदस्ती. 'हरकत घ्यावी' असे कोणी लिहीत नाही.

कलम अकरावे. आज सकाळी

आज सकाळी मी गल्ल्यामागे खुर्चीवर बसले होते. थुई तिकिटाच्या खिडकीशी होती. साक्षीदार यायचे होते. ह्योंग-सोकची सोलला जायची गाडी दुपारची.

पुढचे दार उघडले. मागचे नाही, पुढचे. तो आत आला, बूट काढून शिस्तीत कपाटात ठेवले, आणि गिऱ्हाईक उभे राहते तसा खिडकीपुढे येऊन उभा राहिला. जन्मात पहिल्यांदा. खिशातून नोट काढली आणि दोन्ही हातांनी पुढे धरली.

"मालकीणबाई," तो थुईला म्हणाला, "एक तिकीट द्या."

थुईने माझ्याकडे पाहिले. मी छताकडे पाहिले, छताला बघण्यासारखे काही नाही. तिने नोट घेतली, सुटे पैसे दोन्ही हातांनी परत दिले, तिकीट दिले.  तो म्हणाला, "पाणी गरम आहे ना?"

"आहे," ती म्हणाली. "या."

तो वर गेला.

यापुढे मला काही लिहायचे नाही. वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि तो मला पसंत आहे. खाली माझे नाव व शिक्का.

प्यो पिल-नाम (शिक्का)

साक्षीदार:
१. हाम बोक-निम, खरबुजांची शेती, सोलमे (सही केली, चष्मा लावून)
२. दो चांग-बे, न्हावी, चोंगसु न्हाणीघर, पुरुषांची बाजू (सही)

ठिकाण: चोंगसु न्हाणीघर, बाजाररस्ता, सोलमे. न्हाणीघर चालू असताना.
दिनांक: ८ ऑक्टोबर २०२५